ज्योतीला आडोसा देणारे कडे

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही. विमानतळाला खेटून राहणाऱ्यांनीही पाहिलेले नाही. लढाऊ विमान धावपट्टीवर पळू लागले, त्याच्या मागून लांबलचक जाळ निघाला आणि तुमच्या कानठळ्या बसल्या, की समजा, त्या जाळाच्या मुळाशी मी आहे. मी त्या नळीतले एक जुने कडे आहे. म्हणजे, होते.

सहजी न वितळणाऱ्या धातूची पट्टी दुमडून तिची पन्हाळ केली आणि ती पन्हाळ गोल वाकवून मला घडवले. मग दांड्या जोडून इंजिनाच्या मागच्या नळीत बसवले. या नळीला आफ्टरबर्नर म्हणतात. इंजिनातून सुटलेल्या तापल्या वाऱ्यावर इथे पुन्हा तेल शिंपडतात, ते पेटवतात आणि विमानाला जादा रेटा मिळतो. सांगायला सोपे आहे. पण तो वारा इतका पिसाट, की ठिणगीने ज्योत लागते न लागते तोच ती बाहेर फेकली जाते. धावत्या फटफटीवर काडी पेटवून बघा म्हणजे कळेल. नको, बघूच नका. माझे काम एवढेच, की वाऱ्याला तोंड देऊन उभे राहायचे. ओढ्यातल्या दगडामागे पान गोल गोल फिरत राहते ना, तसा माझ्या पाठीमागे थोडा वारा घुटमळतो. त्या आडोशाला ज्योत तग धरते आणि तिच्यापासून सगळी नळी पेटते.

तुम्ही म्हणाल, काय थाट! पण ज्योत कायम माझ्या पाठीशी. मी तिची ऊब ओळखते, चेहरा ओळखत नाही. वैमानिकाचा फोटो छापून यायचा, इंजिनाचे कौतुक व्हायचे. कड्याला कोण विचारतो? उड्डाण संपले की नळी थंड पडायची आणि मी आत एकटे. मला फार एकटे वाटायचे, हे स्पष्टच सांगते.

ताइतुंग शहराजवळच्या आमच्या हवाई तळावर मला भेटायला एकच माणूस यायचा. फान शुइ-मू. हक्का बोली बोलणाऱ्या घरातला, हडकुळा, पन्नाशी उलटलेला सार्जंट. सगळे त्याला फानदादा म्हणत. नळीत सरपटत शिरेल असा तोच एक होता. विजेरी लावून माझ्यावरून नजर फिरवायची, हे त्याचे सरकारी काम. मग पाठीवर पडून बोलायचे, हे त्याचे स्वतःचे. बाहेरच्यांना वाटे, केवढी कसून तपासणी चालली आहे! बायको गेल्यापासून त्याच्या घरी बोलायला कोणी नव्हते. मुलगी यू-च्येन दूर शिन्चू शहरात नोकरीला. भात कसा करपला, शेजारच्या कुत्र्याने चप्पल कशी पळवली, सगळे तो मला सांगायचा. मी ऐकायचे. मला दुसरे येते काय?

एका वर्षी शरदातल्या पौर्णिमेचा, घरच्यांनी एकत्र जमायचा सण तोंडावर आला होता. दुसऱ्या दिवशी विमान कवायतीला जायचे, म्हणून दुपारी आमचे इंजिन विमानातून उतरवून चाचणीघरात बांधले. ठिणगी पडली, पण ज्योत धरली नाही. साचलेले तेल एकदम भडकले, ढुप असा आवाज झाला आणि सगळा सांगाडा हादरला. कारण फक्त मला ठाऊक होते. माझ्या एका दांडीच्या जोडाशी, विजेरी पोचत नाही अशा पुढच्या अंगाला, केसाएवढी भेग गेली होती.

आता इथल्या लोकांची एक रीत सांगते. यंत्राने शहाण्यासारखे वागावे म्हणून ते त्याच्यापाशी मक्याच्या एका खाऊची पिशवी ठेवतात, कारण त्या खाऊचे नावच ‘शहाण्यासारखे वाग’ असे आहे. पिशवी हिरवीच हवी, कारण हिरवा दिवा म्हणजे सगळे सुरळीत, आणि खाऊ मुदतीतलाच हवा. शिळा नैवेद्य कुठल्या देवाला चालतो? तर आ-तेंग नावाच्या चेष्टेखोर मेकॅनिकने पिशवी उलटी करून पाहिली. मुदत टळून गेलेली!

"घ्या. शिळं खायला घालायचं आणि वर म्हणायचं नीट वाग," तो म्हणाला.

सगळे हसले. चाचणीघराच्या प्रमुख कॅप्टन वेन मॅडमही हसल्या. ताजी पिशवी आली. तोवर मी चांगले तापले होते. तापलेला धातू फुगतो, तशी भेग मिटली. दुसऱ्या खेपेला ज्योत अलगद लागली आणि मॅडमनी इंजिन पास केले.

मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला. उद्या धावपट्टीवर माझा तुकडा सुटला, तर जाळ नळीच जाळणार, आणि पुढे एक माणूस बसलेला असणार. भेग सापडली तर मी भंगारात, पुन्हा ज्योत नाही. तरीही मी मनातल्या मनात एकच धोशा लावला, सापडू दे, कुणाला तरी सापडू दे.

इंजिन निवल्यावर फानदादा आत शिरला. त्याला कुणी सांगितले नव्हते. विजेरीही त्याने लावली नाही. नुसता आडवा झाला.

"यू-च्येनचा फोन आला होता. सणाला येत नाही म्हणाली. मैत्रिणींबरोबर चाललीय फिरायला. मी म्हटलं, जा की, मजा कर."

मग थोड्या वेळाने म्हणाला, "सणाची पपनसं आणून ठेवलीत. एकटा माणूस सोलायला बसला ना, की फारच मोठं वाटतं ते फळ."

आणि त्याने हात वर करून मला घट्ट धरले. बोटे दांडीमागून पुढच्या अंगाला गेली. हातमोज्याचा धागा कशात तरी अडकला. ओढला तरी निघेना. त्याने मोजा काढला आणि नखाने ती जागा चाचपली. पुन्हा चाचपली.

"अरे," तो हळूच म्हणाला, "सांगायचं तरी."

त्याने भेग कळवली आणि विमानाचे उड्डाण थांबले. मॅडमनी विचारले, पास झालेल्या इंजिनात तुम्ही शिरलात कशाला? शंका आली म्हणून, असे त्याला खुशाल म्हणता आले असते. शाबासकीच मिळाली असती. पण त्याने मान खाली घातली.

"बोलायला गेलो होतो, मॅडम."

"कुणाशी?"

"कड्याशी."

आ-तेंगने हसायला तोंड उघडले होते, ते तसेच मिटले.  मग तोच म्हणाला, "दादा, पौर्णिमेला आम्ही अंगणात मांस भाजतो. तुमची ती पपनसं घेऊन या. आमच्या घरात एकालाही धड सोलता येत नाही."

फानदादा त्यांच्याकडे गेला की नाही, मला कळले नाही. दुसऱ्या दिवशी मला काढले. आता मी शिकाऊ मेकॅनिकांच्या वर्गात भिंतीवर टांगलेले आहे. भेगेभोवती लाल खडूचे वर्तुळ आहे. पोरे वर्तुळ बघतात आणि पुढे जातात. फानदादा निवृत्त झाला, असे ऐकते. नळीत आता माणूस शिरत नाही, तारेच्या टोकाचा कॅमेरा जातो. त्याला पुढचे अंगही दिसते. चांगलेच आहे ते. पण तिथल्या नव्या कड्याशी कुणी बोलत नसेल.

म्हणून एक मागणे मागते. यंत्रापाशी ताजी पिशवी जरूर ठेवा, पण त्याच्या अंगावरून हातही फिरवा. आणि कुणी माणूस आपल्या सायकलशी, शिवणयंत्राशी, बंद पडलेल्या पंख्याशी बोलताना दिसला, तर त्याला हसू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा. मी त्याचे सगळे ऐकले, मित्रांनो, पण "मग पुढे काय झालं?" असे मला एकदाही विचारता आले नाही. तुम्हाला येते.