राजीखुशीने

नोंदणी कचेरीच्या बाकावर ताई बसली होती आणि तिला काहीच वाटत नव्हतं. वडील गेल्यापासून हे असंच. रडू येईना, भूक लागेना. लोक म्हणाले, बाई खमकी आहे. खमकी कसली, आतून पार बधिर झाली होती.

शेजारी धाकटा भाऊ हक्कसोडपत्र हातात घेऊन घायकुतीला आला होता. ताई वडिलांच्या ज्या घरात राहत होती त्यावरचा हक्क तिने सोडायचा, घर विकायचं आणि ताईने भावाकडे मागच्या खोलीत राहायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. ताईला विचारायचं तेवढं राहून गेलं. ती हो म्हणाली होती; नाही म्हणायलाही अंगात जीव लागतो.

कायद्यातल्या जुन्या शब्दांचा कोश करणं हे तिचं काम. हा नाद वडिलांनी लावलेला. ते दस्तलेखक होते. सहीआधी वाचायला दिलेला कागदही ती सवयीने कोशासारखाच वाचत गेली. 'मयत': अरबी, मेलेला. इथे म्हणजे बाबा. 'वारस': हाही अरबी. म्हणजे आपण दोघं. आत काही हललं नाही.

मग आलं 'राजीखुशीने'. राजी अरबी, खुशी फारसी, अर्थ जवळपास एकच. लहानपणी तिने विचारलं होतं, एकच गोष्ट दोनदा कशाला लिहिता? बाबा टाक पुसत म्हणाले होते, "अगं, माणूस एकदा हो म्हणतो तेव्हा कधी कधी नुसता दमलेला असतो. म्हणून दोनदा विचारायचं."

"बाई, राजीखुशीने करताय ना?" त्यांचा नंबर आल्यावर नोंदणी करणाऱ्या साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"तेवढा शब्द खोडा, मग करते सही."

"तो खोडून कसं चालेल? दस्तच होणार नाही."

"मग राहू दे."

साहेबांनी पुढच्या माणसाला हाक मारली. भावाने तिला बाजूला घेतलं. "ताई, एका शब्दावरून अडून बसतेस? सगळं ठरलंय ना आपलं?"

"मी रागावले नाहीये रे. पण खुशी कुठून आणू?"

"मग तुला हवंय तरी काय?"

वैतागून का होईना, विचारलं एकदाचं कुणीतरी. ताईने पुन्हा आत चाचपून पाहिलं. इतके दिवस तिथे काहीच हाताला लागत नव्हतं.

"मला घरी जायचंय," ती म्हणाली, आणि भर कचेरीत तिला रडू फुटलं.