ओरिनची साक्ष

ओरिन ट्वेटने मला मरणातून ओढून काढलं, आणि त्याच ओरिनच्या विरुद्ध मी कोर्टात साक्ष दिली. आमच्या टॅमरॅक फोर्क गावात लोक अजून यावर वाद घालतात, म्हणून झालं तसं सांगते.

सुगीच्या जेवणाला आम्ही सगळे सभागृहात जमलो होतो. एक माणूस पिस्तूल घेऊन आत शिरला. माझी बहीण विल्डा दाराशीच होती. ती जागीच गेली. मी टेबलाखाली. गोळ्या थांबेचनात. मग एकदम थांबल्या. त्याचं मॅगझिन, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीतली गोळ्यांची डबी, रिकामं झालं होतं, आणि दुसरं काढायला तो खिसा चाचपत होता. तेवढ्यात ओरिनने लोखंडी खुर्ची त्याच्या डोक्यात घातली आणि त्याच्या छाताडावर बसला. त्या आवाजांनी ओरिनचा डावा कान कायमचा बहिरा झाला.

आभार मानायला गेलं की तो अंग चोरायचा. "तुझे टायर गुळगुळीत झालेत, व्हर्ना. आण माझ्या गॅरेजात," असलं काहीतरी बोलायचा.

पुढे आमच्या राज्याने कायदा केला. दहाहून जास्त गोळ्यांचं मॅगझिन विकायला बंदी. त्याला ज्यांनी कोर्टात आव्हान दिलं, त्यांत पहिलं नाव ओरिनचं. आणि सरकारी वकीलबाई साक्षीसाठी माझ्या दारात.

मी आधी ओरिनकडे गेले. तो गॅरेजात एका गाडीखाली शिरून काम करत होता.

"मी सरकारच्या बाजूने बोलणार आहे," मी म्हटलं.

"मग बोल की. जे बघितलंस ते सांग. माझी परवानगी कशाला?"

"राग नाही आला?"

"आला ना. पण तुझी गाडी डोंगर चढायची नाही. माझ्याबरोबर चल."

अशा रीतीने वादी आणि त्याच्याविरुद्धची साक्षीदार एकाच पिकअपमधून कोर्टात पोचले. त्याच्या वकिलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

माझी साक्ष आधी झाली. गोळ्या एकदम थांबल्या, त्या शांततेबद्दल मी सांगितलं. ओरिनच्या वकिलाने विचारलं, "तुम्हाला वाचवलं ते शांततेने की माणसाने?"

"माणसाने," मी म्हटलं. "पण त्याला उठायला फुरसत मिळाली म्हणून."

नंतर सरकारी वकीलबाईंनी ओरिनला उभं केलं. "तो मॅगझिन बदलायला थांबला नसता, तर तुम्ही त्याच्यापर्यंत पोचला असता?"

त्याचा वकील हरकत घ्यायला उठला. न्यायाधीशांनी ती फेटाळली. ओरिनने टोपी हातात चुरगाळली. नाही म्हटलं तर स्वतःचाच दावा लंगडा होणार, हे त्याला कळत होतं.

"नाही," तो म्हणाला. "वाटेतच मेलो असतो." मग न्यायाधीशांकडे वळला. "तरी कायदा मला पटत नाही. माझ्या घरी शेरीफची गाडी पोचेपर्यंत अर्धी रात्र जाते. चोरांची टोळी आली तर माझ्या बायकोने गोळ्या मोजत बसायचं? पण तुम्ही विचारलंत ते खरं आहे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. विल्डासाठी म्हणावं तर तसंही नव्हतं.

परतीच्या वाटेवर तो पेट्रोल भरायला थांबला. मी खाली उतरून म्हटलं, "ओरिन, तुझे उपकार आहेत माझ्यावर."

"काय?" त्याने डावा कान पुढे केला. मुद्दामच, हे मला माहीत होतं.

मग मी ओरडले. "मी जिवंत आहे ती तुझ्यामुळे! आणि आज खरं बोललास, त्याबद्दलही आभार!"

पलीकडे दूध पोचवणारा ट्रकवाला वळून बघायला लागला. ओरिन लालबुंद झाला. त्याने नळी पंपाला अडकवली.

"विल्डापर्यंत नाही पोचलो मी," तो म्हणाला. "म्हणून तू आभार मानलेस की मला पळून जावंसं वाटतं."

"तिच्यापर्यंत कुणालाच पोचता आलं नसतं रे," मी म्हटलं. त्याने मान हलवली.

न्यायाधीशांनी कायदा कायम ठेवला. बातमी मला ओरिननेच फोनवर दिली.

"हरलो. वरच्या कोर्टात जाणार."

"जा. मी तिथेही हेच सांगेन."

"वरच्या कोर्टात साक्षीदार नसतात, बावळट. शनिवारी जेवायला ये. एल्क हरणाचं मटण आहे."

मी जंगली बोरं भरून भाजलेली गोड पोळी घेऊन गेले. वाद तर ताटं मांडायच्या आधीच सुरू झाला, आणि ओरिनच्या बायकोने दोघांनाही झापलं.