ओली वाफ

मी कॅलरीमापी बोलतोय. नाव भारदस्त असलं, तरी मी तांब्याचा एक लहानसा डबा, लाकडी पेटीत लोकरीच्या अस्तरात बसवलेला. नागपूरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझं आयुष्य गेलं. माझ्यात थंड पाणी भरायचं, त्यात वाफ सोडायची, पाणी किती तापलं आणि वजन किती वाढलं ते मोजायचं. त्यावरून एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला किती उष्णता लागते ते काढतात. पुस्तकातलं उत्तर पाचशे चाळीस कॅलरी.

खरं सांगू? बहुतेक मुलं आधी पाचशे चाळीस लिहायची आणि मग त्याला जुळतील असे आकडे मागून बसवायची.

बळीराम इथला परिचर. सव्वीस वर्षं त्यानं मला चिंचेनं घासलं. त्याची मुलगी अबोली याच कॉलेजात बीएस्सीला आली, त्या आठवड्यात तर तो मला रोज घासत होता.

वाफेबरोबर येणारे पाण्याचे थेंब अडवायला एक काचेची फुगीर नळी असते. अबोलीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी ती फुटली. दुसरी नव्हती, म्हणून बळीरामनं साधी रबरी नळी जोडली. अशी थेंबांसकट ओली वाफ माझ्यात आली की वजन फुकट वाढतं आणि उत्तर कमी येतं.

अबोलीचं उत्तर आलं चारशे अडुसष्ट. तिनं आकडेमोड तीनदा तपासली आणि तेच लिहिलं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिच्या पानावर आडवी रेघ मारली. म्हणाले, "परिचराची मुलगी ना तू? वर्षभर सवलत मिळाली वाटतं."

बळीराम तिथंच, चार पावलांवर उभा होता. त्याला नळीचं ठाऊक होतं. त्यानं खाली मान घालून बेसिन धुतलं.

सगळे गेल्यावर अबोलीनं विचारलं, "बाबा, तुमाले मालूम होतं नं? मंग काहून नाही बोलले?"

"साहेबायसमोर मी का बोलू वं?" तो म्हणाला.

ती पुढच्या पेपरांना बसलीच नाही. नागपूरलगतच्या वाडी गावात एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागली. बळीराम एकदा मला पुसता पुसता पुटपुटला, की पोरगी डबा भरून देते, पण बोलत नाही.

निवृत्तीच्या दिवशी त्यानं सीताबर्डीच्या बाजारातून स्वतः आणलेली काचेची नळी जोडली आणि प्रयोग केला. वजनं एका कागदावर लिहिली. उत्तर आलं पाचशे चौतीस. मग त्यानं कागदाच्या पाठीवर लिहिलं, "अबोली, तुयं बरोबर होतं. वाफ ओली होती. मी बोलाले पायजे होतं."

घडी खिशात ठेवली, काढली, परत ठेवली. तेवढ्यात निरोप समारंभाला हाक आली. त्यानं मला कोरडं पुसलं, कागद माझ्यात टाकला आणि झाकण लावून कपाटात ठेवलं. नंतर तो तीनदा पेन्शनच्या कामाला आला. कपाटापाशी थांबला, पण उघडलं नाही.

चैत्रात तो गेला.

त्याचे कागद न्यायला अबोली आली होती. कपाटाचं दार बंद असलं तरी मी तिचा आवाज ओळखला. नव्या परिचरानं काय हवं म्हणून विचारलं. ती म्हणाली, "काही नाही. बाबा इथं उभे राहत, तेवढं पाहून राहिली."

मग पावलं दूर गेली.

आता प्रयोग संगणकावर होतात. भंगाराच्या यादीत माझं नाव चढलंय. ज्याच्या हाती मी पडेन, त्याला एवढंच सांगणं आहे. तांबं वितळवायच्या आधी माझं झाकण उघडा, बाबा. कागद पिवळा पडलाय, पण अक्षर वाचता येतं. वाडीला बळीरामची अबोली कोण, एवढं विचारा, आणि तिच्या हातात द्या.