पायांवर चालणारे आठ दिवे

दिवाळीत घरात आग म्हणून नको, हा अन्नपूर्णाबाईंचा हट्ट होता, आणि तो काही उगाच नव्हता. वडनेर भोलजीत ऐन दिवाळीत घरोघरी कापूस येऊन पडलेला असतो. बाईंच्या नवऱ्याच्या, महादेवरावांच्या घरी तर तो ओसरीपासून माडीपर्यंत रचलेला. मागच्या वर्षी एक पणती कलंडली. घर वाचलं, पण विझवता विझवता बाईंचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून कोणी काडी ओढली तरी त्यांच्या छातीत धस्स व्हायचं.

यंदा लेकीचा, कोकिळाचा, पहिला दिवाळसण होता. जावई येणार, व्याही येणार. घर अंधारात ठेवलं तर नाक कापलं जाणार. वडनेरात वीज यायला अजून पुष्कळ वर्षं होती. महादेवरावांनी खामगावहून मोटारीचा जुना डायनामो आणि आठ बल्ब आणले. गोठ्यात सायकल स्टँडवर चढवली, मागच्या चाकावरून डायनामोला पट्टा लावला आणि सायकलवर आपला सालदार बसवला, इंद्रभान. त्याने पायडल मारायचं, ओसरीत दिवे लागायचे; तो थांबला की अंधार. तेल नको, वात नको, आगीची भीती नको. सालदाराचे पाय सालभरासाठी घेतलेलेच होते. ते शेतात चालले काय आणि सायकलवर फिरले काय, मालकाला सारखंच. देवापुढे तेवढी एक समई ठेवली, तीही पाण्याच्या परातीत.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दिवे लागले आणि अंगणात जमलेल्या गावाने आ वासला. व्याही खुर्चीवरून उठून एकेक बल्ब निरखून आले. बाईंना वर्षभरात पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. एवढ्यात मागच्या दारी रुखमाबाई आली, इंद्रभानची बायको. गोठ्याची वाट पुढच्या अंगणातून, तिथे व्याहीमंडळी बसलेली. त्यांच्यासमोरून जायची तिची छाती नव्हती.

"बाई, सासू जाऊन राह्यली," ती म्हणाली. "लेकाचं तोंड पाहू द्या म्हणते. त्याईले आत्ताच धाडा."

म्हातारीजवळ दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती आल्या पावली पळाली.

बाई गोठ्याकडे निघाल्याही. दारात थबकल्या. बाकीचे गडी सणाला आपापल्या घरी गेलेले. इंद्रभान उतरला तर दिवे जाणार, आणि व्याह्यांसमोर अंधार झाला की नवरा फडताळातली पणत्यांची टोपली मागवणार. आरती झाली की सांगू, असं त्यांनी ठरवलं. आरती झाली. मग पंगत बसली, आणि भरल्या पंगतीत अंधार कसा करायचा? मग पानसुपारी निघाली. म्हातारी माणसं अशी लगेच जात नाहीत, असं त्या दर वेळी मनाला बजावत होत्या. त्यांची भीती खरी होती. पण तिच्याआडून निघालेला एकेक विचार लबाड होता आणि तो लबाड आहे हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

व्याही अंगणातून उठल्यावर त्या गोठ्यात गेल्या. इंद्रभान सायकलवरून उतरला आणि तिथेच खाली बसला. त्याच्या मांड्या थरथरत होत्या.

"बाई, दिवे एकडाव बी मिणमिणले नाई ना?"

"नाई, बाप्पा." पुढचं खोटं त्यांच्या तोंडून आपोआप निघालं. "रुखमी आत्ताच येऊन गेली. तुह्या मायचं काही खरं नाई. जाय लवकर."

वर चार करंज्या त्यांनी त्याच्या हातात कोंबल्या. तो धावत सुटला, पण पाय ऐकत नव्हते. फाटकाशी एकदा पडला. म्हातारी आरतीच्या वेळेलाच गेली होती.

दुसऱ्या दिवशी पाडवा. महादेवरावांनी बोलावणं धाडलं, म्हणून संध्याकाळी इंद्रभान फाटकाशी येऊन उभा राहिला. डोकं भादरलेलं. मागे रुखमाबाई, तिचा ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. आता हा जाब विचारणार, असं बाईंना वाटलं. इंद्रभानने हात जोडले.

"रुखमीनं निरोप आणाले उशीर केला, बाई. मी मारलं तिले. तरी म्हणते, दिवे लागले तव्हाच सांगून आल्ती. तुमच्यावर आळ घेते, म्हणून आणखीन मारलं."

रुखमाबाई उघड्या डोळ्याने बाईंकडे नुसती पाहत राहिली. ती खरं बोलते, एवढंच म्हणायचं होतं. बाईंना ते जिभेवर जाणवलंसुद्धा. पण ओसरीत व्याही बसले होते.

"जाऊ दे," पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "आता नको मारू तिले."

रुखमाबाईने मान फिरवली. महादेवराव बाहेर आले, तेव्हा बाईंनी चाचरत सुतकाची आठवण दिली. सारा धीर गोळा करून त्यांना तेवढंच सुचलं.

"सुतक काय तारेतून येते का?" महादेवराव म्हणाले. "तो गोठ्यात, देव घरात."

व्याही खो खो हसले. इंद्रभान मान खाली घालून गोठ्यात गेला.

आठही दिवे लागले. पाडव्याचं ओवाळायला बाईंनी ताट उचललं. निरांजनाच्या जागी त्यात सुपारी ठेवली होती. भाजलेल्या हातावर उजेड पडला. दिवे कालच्यापेक्षाही स्थिर होते. आज इंद्रभानला बोलवायला कोणी येणार नव्हतं.