सरांचा कापूस

सरांच्या बैठकीत खिडकीपर्यंत कापूस भरला होता. पांढराशुभ्र, कोरडा. मी चप्पल काढता काढता दारातच थांबलो.

"सर, हा कधी वेचला?"

"मंगळवारी," अवधूत सर म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मंगळवारी, म्हणजे पावसाच्या आदल्या दिवशी. माझा चार एकरांतला कापूस तेव्हा झाडांवर फुटून तयार होता. आता दोन दिवसांच्या पावसानं तो काळा पडून लोंबत होता. आणि सरांच्याच शब्दावर मी तो वेचायचा थांबलो होतो.

मुकुटबनच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे, मी शिपाई. अठ्ठावीस वर्षं त्यांचा जगाचा नकाशा मीच भिंतीवर टांगला. दाराशी उभं राहून ऐकता ऐकता थोडाफार भूगोल माझ्याही डोक्यात शिरला. दोघंही रिटायर होऊन शेतीला लागलो, तरी त्यांना विचारल्याशिवाय माझं पान हलत नसे.

गेल्या आठवड्यात टीव्हीवर समुद्रात वादळ तयार होत असल्याची बातमी आली. कौसल्या, माझी बायको, म्हणाली, "अवो, बाया भेटून राह्यल्या. वेचून घेऊ." मी सरांकडे गेलो.

"बबनराव, यंदा एल निनो आहे," सर टेबलावर बोटानं नकाशा काढत म्हणाले होते. "तिकडं पॅसिफिकचं पाणी तापलं, की इकडं बंगालच्या उपसागरात वादळाले जोर भेटत नाही. झालं तरी कमजोर, अन् वळून जाते दुसरीकडं. आठ दिवस थांबा. पुरा फुटू द्या."

घरी येऊन मी कौसल्यावर खेकसलो होतो, "तुले सरांपेक्षा जास्त समजते काय?"

आता सर खाली बघत सांगत होते. "सोमवारी आभाचा फोन आला हैदराबादहून. म्हणे, बाबा, वादळानं जोर धरला, तुमच्याकडंच येऊन राह्यलं. मग बाहेरगावच्या बाया आणल्या."

"अन् मले काहून नाही सांगितलं?"

"एल निनो नुसता वर्षाचा कल सांगते, बबनराव. एकेका वादळाची वाट नाही सांगत. मले माहीत होतं हे. तरी छातीठोक बोलून बसलो. मग कोण्या तोंडानं सांगू, का मी चुकलो?"

"एका फोनचं काम होतं, सर."

"दोनदा घेतला होता हातात."

वादळानं नुकसान केलं असतं तर मी कपाळाला हात लावून गप्प बसलो असतो. पण आपली चूक एका शिपायासमोर कबूल करावी लागू नये, म्हणून या माणसानं माझं वर्षाचं पीक भिजू दिलं. भूगोल चुकला याचं मला काहीच नव्हतं.

"चहा ठेवतो," ते म्हणाले.

"नको." त्या घरातून चहा न घेता मी पहिल्यांदाच निघालो.

अंगणात कौसल्या ओला कापूस ताडपत्रीवर पसरत होती. "काय म्हणते सर?"

"त्याईचाबी भिजला," मी म्हणालो. का खोटं बोललो, माझं मलाच कळलं नाही. खरं सांगायला जीभ उचलली नाही एवढं खरं.

तिचे हात थांबले. "अगं माय! एकटा जीव तो. बाया तरी कुठून भेटतीन त्याईले? आपलं हे आवरलं का उद्या मी जाईन वेचू लागाले."

मी तिच्या समोर बसलो आणि काळा कापूस वेगळा काढू लागलो.