गोदा गमरेचा खुबा

“डॉक्टर, चपला काढू नका. मी काही तुम्हाला बसा म्हणणार नाही,” हौसाबाई म्हणाली आणि दार अडवून उभी राहिली.

डॉ. पेठे बाहेरच थांबले. कोपरीतल्या त्या चाळीत ते पहिल्यांदाच येत होते. पत्ता सापडत नव्हता. पण ‘कबड्डीवाली गोदा’ म्हटल्यावर पानाच्या टपरीवरच्या माणसानं त्यांना थेट जिन्यापर्यंत आणून सोडलं होतं.

“आई, येऊ दे त्यांना,” आतून गोदाचा आवाज आला.

ती खिडकीजवळ खुर्चीत बसली होती. डावा पाय जमिनीला टेकलेला, उजवा मात्र ताठ, पुढे निघालेला. डॉक्टरांनी त्या पायाकडे पाहिलं आणि बसायचं विसरूनच गेले.

“परवा टेंभी नाक्यावर देवीच्या गर्दीत तुला चालताना पाहिलं,” ते म्हणाले. “हाक मारेपर्यंत तू पुढे गेलीस. गोदा, हा सांधा कधी जखडून घेतलास?”

“दोन वर्षं झाली. मुंबईला जाऊन केलं.”

“माझ्याकडे का आली नाहीस?”

उत्तर हौसाबाईनं दिलं. “परत तुमच्याकडंच? एकदा पोरीचा पाय तुमच्या हातात दिला, तेवढं बस झालं.”

दहा वर्षांपूर्वी, म्हणजे पंच्याऐंशीच्या सुमाराला, गोदा गमरे हे नाव ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या मैदानांवर लोकांना ठाऊक होतं. चणीनं बारीक, पण चढाईला निघाली की समोरच्या सातजणी दोन पावलं मागे सरकायच्या. कोलशेतच्या एका कंपनीनं तिला संघात खेळण्यासाठी नोकरी दिली होती. डोंबिवलीच्या एका सामन्यात तिघींनी मिळून तिची पकड केली. ती निसटायला वळली आणि सगळ्याजणी तिच्या अंगावर कोसळल्या. उजवा खुबा निखळला. तो त्याच दिवशी बसवला. काही महिन्यांनी ती पुन्हा मैदानातही उतरली. पण पुढच्या वर्षी जांघेत दुखायला लागलं. खुब्याच्या गोळ्याला होणारा रक्तपुरवठा तुटला होता आणि हाड आतून मरत चाललं होतं.

नावाजलेल्या डॉक्टरांनी सांधा जखडून टाकायला, म्हणजे हाडं एकमेकांना जोडून तो कायमचा स्थिर करायला सांगितलं. दुखणं जाईल, पाय भक्कम होईल. मात्र मांडी घालता येणार नाही की उकिडवं बसता येणार नाही. कृत्रिम खुबा इतक्या तरुण मुलीला कुणी बसवत नव्हतं. तो तिला आयुष्यभर पुरला नसता. डॉ. पेठे तेव्हा ठाण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नवे होते. खेळणाऱ्या, अंगमेहनतीचं काम करणाऱ्या तरुण रुग्णांचे खुबे आणि खांदे कसे वाचवता येतील, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. खुब्याच्या मागच्या बाजूचा हाडाचा तुकडा त्याच्या स्नायूसकट उचलायचा आणि मरणाऱ्या गोळ्यात बसवायचा, म्हणजे स्नायूबरोबर रक्तही आत जाईल, अशी ती शस्त्रक्रिया होती. गोदानं ती करून घेतली.

कबड्डी मात्र सुटली. कंपनीनं तिला टेलिफोन बोर्डावर बसवलं. पण पाय चालू लागला, दुखायचा थांबला. संध्याकाळी ती चाळीतल्या मुलींना मैदानावर नेऊ लागली. रेषेवर वाकून, पाय टाकून, चढाई कशी करायची ते स्वतः दाखवू लागली. त्या मुलींतली एक पुढे राज्याच्या संघात गेली, तेव्हा हौसाबाईनं अख्ख्या चाळीला पेढे वाटले. पाच वर्षं अशी बरी गेली. मग गोळा खचला. एका सकाळी गोदाला पाय टेकवेना. पेठ्यांचं नाव हौसाबाईनं घरात काढू दिलं नाही. मुंबईला नेऊन सांधा जखडून घेतला.

“पुढच्या महिन्यात ठाण्यात हाडांच्या डॉक्टरांची परिषद आहे,” पेठे आता सांगत होते. “त्या शस्त्रक्रियेचे निकाल मी मांडणार आहे. माझ्याकडे तुझा शेवटचा एक्स-रे एक्याण्णवचा आहे. उत्तम आहे. माझा सहायक म्हणतो, तोच दाखवू या. पेशंट नंतर आलीच नाही म्हणायचं.”

“मग दाखवा की,” गोदा म्हणाली.

“तुला पाहिलं नसतं तर दाखवलाही असता. आता नाही जमणार. आजचा एक्स-रे काढू देशील? आणि शक्य असेल तर परिषदेला येशील? नाही म्हणालीस तरी चालेल. मला मागायचा हक्क नाही.”

“म्हणजे माझ्या पोरीला शे-दोनशे लोकांपुढं लंगडत चालवणार?” हौसाबाईचा आवाज चढला. “तमाशा आहे काय?”

पेठ्यांनी टेलिफोन नंबर लिहून दिला आणि ते जिना उतरून गेले.

संध्याकाळी मैदानावर मुलींचा सरावाचा सामना लागला. गोदा रेषेबाहेर खुर्ची टाकून शिट्टी वाजवत होती. लहान मुलींच्या संघाचा धुव्वा उडाला. फळ्यावर गुण लिहिणारी पोरगी खडू हातात धरून घुटमळत होती.

“ताई, यांचे चारच झालेत. लिहू?”

“चार झाले तर चार लिही,” गोदा म्हणाली. “लाजतेस कसली?”

घरी आल्यावर तिनं सांगून टाकलं. “आई, मी जाणार आहे.”

“लोक बघतील गं.”

“रोज कामाला जाते, तेव्हा लोक डोळे मिटून घेतात का?”

हौसाबाई जेवली नाही. पण परिषदेच्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून तीच आधी तयार झाली. “एकटी नाही जायचीस तू,” एवढंच म्हणाली.

हॉल थंडगार होता. हौसाबाई शेवटच्या रांगेत बसली. आधी बरे झालेले पेशंट व्यासपीठावर आले. एक बस कंडक्टर खाली उकिडवा बसून सरकन उठून दाखवू लागला, तेव्हा टाळ्या पडल्या. त्यानंतर पेठे माइकसमोर आले.

“आता, ज्यांच्या बाबतीत मला यश आलं नाही ते,” ते म्हणाले.

दोन नावं पुकारली. कुणी उठलं नाही. मग गोदाचं नाव आलं.

ती उठली. उजवा पाय कमरेतूनच उचलून पुढे टाकायचा, शरीर मागून न्यायचं, अशी तिची चाल होती. व्यासपीठाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती त्या चालीनं चालत गेली. घाई केली नाही. पडद्यावर एक्याण्णवचा एक्स-रे लागला, शेजारी आत्ताचा. पहिल्यात गोळा गोल, नीट. दुसऱ्यात गोळा आणि तो ज्यात फिरायचा ती वाटी एकच होऊन गेलेली. सहायक खुर्ची घेऊन आला.

“नको, उभी आहे ती बरी आहे,” गोदा म्हणाली.

मुंबईहून आलेले एक वयस्कर डॉक्टर पहिल्या रांगेतून उठले. “बाई, एक विचारतो. शेवटी सांधा जखडावाच लागला. मग तो आधीच जखडला असता तर तुमचं एक ऑपरेशन वाचलं असतं. आज पुन्हा वेळ आली तर काय कराल?”

गोदानं पेठ्यांकडे पाहिलं नाही. माइक नव्हता, पण मैदानावर ओरडून ओरडून तिचा आवाज मोकळा झालेला होता.

“हेच ऑपरेशन करून घेईन,” ती म्हणाली. “तेव्हा मी बऱ्याच डॉक्टरांकडं गेलेले. सगळ्यांना सगळं माहीत होतं. या डॉक्टरांना मी विचारलं, हे टिकेल का? तर म्हणाले, माहीत नाही. म्हणून मी यांच्याकडं आले. पाच वर्षं मी आईबरोबर मांडी घालून जेवले, पोरी तयार केल्या. ती वर्षं माझीच आहेत. पण माझ्यासारखी दुसरी कुणी आली, तर तिला पहिला फोटो दाखवाल तसा हा पण दाखवा.”

ते वयस्कर डॉक्टर “आभारी आहे, बाई,” म्हणाले आणि बसले. टाळ्या वाजल्या नाहीत. पेठे चष्मा काढून पुसत होते.

शेवटच्या रांगेत हौसाबाईनं शेजारच्या अनोळखी डॉक्टरच्या कोपराला हात लावला.

“माझी मुलगी आहे ती,” ती म्हणाली.

गोदा बाहेर आली तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर एक तरुण कुबड्या घेऊन बसला होता. भिवाजी त्याचं नाव. कोलशेतच्या खाडीवर घरची होडी होती. पेठे पुढच्या आठवड्यात त्याच्या खुब्याचं ऑपरेशन करणार होते. दाराच्या फटीतून त्यानं सगळं ऐकलं होतं.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “तुम्ही पेठे डॉक्टरांच्याच पेशंट का? मला होडीत वाकून जाळं ओढायचं असतं. जमेल का ओ?”

“मला नाही माहीत,” गोदा म्हणाली. “पण ऑपरेशननंतर काय काय होतं, ते सगळं सांगते. चांगलं पण आणि वाईट पण. वेळ आहे ना?”

“आहे की.”

भिवाजीनं सरकून जागा केली. गोदा बाकाच्या कडेला टेकली. तिचा उजवा पाय व्हरांड्यात आडवा पसरला. चहाच्या सुट्टीसाठी हॉलमधून डॉक्टर बाहेर पडू लागले होते. तिनं पाय बाजूला घेतला नाही, घेता येण्यासारखा नव्हताच; ती बोलत राहिली, आणि येणारे-जाणारे कप सांभाळत त्या पायाला वळसा घालून जात राहिले.