गंजाचं सलाईन

चूक माझीच. "लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण" एवढं म्हणून गप्प बसायचं, तर मी कमळाकरमामाला म्हणाले, "म्हणजे गंजाचाच भाऊ समज."

मामाचं पनवेलला सळयांचं दुकान. घरचं मिठागर सुटलं तेव्हा त्याने लोखंड धरलं आणि खाडीच्या खाऱ्या वाऱ्याशी त्याचं कायमचं वाकडं आलं. सळईवर तांबूस छटा दिसली की माल परत. अशा माणसाला मी सांगत होते, की तुझ्या शिरेतून गंजाचा भाऊ सोडणार आहेत.

"गंजलेला माल मी दुकानात घेत नाय," मामा म्हणाला. "आनि अंगात घेऊ?"

ही १९९७ची गोष्ट. मूतखड्यासाठी केलेल्या सोनोग्राफीत मामाच्या यकृतावर सुपारीएवढी गाठ दिसली होती. साधी की कॅन्सरची, ते कळेना. ती अशा अवघड जागी होती की सुई घालून तुकडा काढणंही धोक्याचं. मग थेट पोट उघडायचं, असं ठरत आलं होतं. तेवढ्यात आमच्या प्रभाकर डॉक्टरांना कळलं, की मुंबईच्या एका इस्पितळात एमआरआयसाठी लोहकणांचं नवं औषध आलंय.

मी मुंबईत पीएच.डी. करत होते ती नेमकी असल्याच कणांवर. फक्त आमचा खटाटोप उलटा होता. कणांना असा लेप द्यायचा की ते शरीरभर फिरून नेमके गाठीलाच जाऊन चिकटतील. ते अजून उंदरांपुरतंच होतं. मुंबईचं औषध मात्र निरोगी यकृताकडे जायचं. यकृतात सफाई करणाऱ्या पेशी असतात, त्या हे कण गिळतात आणि फोटोत यकृत काळंभोर दिसतं. कॅन्सरच्या गाठीत या पेशी बहुधा नसतात, म्हणून ती तेवढी पांढरी उरते. हे सगळं मी मामाला पाटीवर काढून दाखवलं. दोनदा.

"बरोबर हाय तुजं," तो म्हणाला. "पन गंज तो गंज."

मला राग यायला वेळ लागत नाही. तीन आठवडे मी रोडपालीच्या त्याच्या घरी खेटे घातले आणि दर वेळी भांडून आले. पोट फाडून घेशील पण सलाईन घेणार नाहीस, असला कसला तुझा हट्ट, असंही बोलले. शशिकलामामी मधे पडायची नाही. चहा आणून ठेवायची आणि दाराशी उभी राहायची.

शेवटी मी प्रयोगशाळेतून असल्याच कणांची एक बाटली त्याच्या दुकानात आणली. तळाशी चमचाभर काळसर पाणी. मामाच्या खिशात माल पारखायचा लोहचुंबक नेहमी असायचाच. त्याने तो बाटलीला लावला, तर सगळं काळं पाणी काचेवर चढून चुंबकामागे धावायला लागलं. मामा पंधरा मिनिटं खेळत बसला. खाली, वर, गोल. गिऱ्हाईक आलं तरी उठला नाही.

"लय बारीक कुटलंय," तो कौतुकाने म्हणाला. मग बाटली ठेवून विचारलं, "वल्लरे, तू येशील ना तिथं?"

"येईन की."

त्याने डबा घेऊन आलेल्या मामीकडे पाहिलं. "तू पन?"

"मी काय घरात बसनार हाय?" मामी म्हणाली.

"मंग जाऊ."

बाटलीने बाजी मारली म्हणून मी खूश.

सलाईन अर्धा तास चाललं. मामाने डोळे मिटून मामीचा हात असा धरला होता, की तिच्या बांगडीचे वळ उठले. चार दिवसांनी एमआरआयच्या फिल्मचा लिफाफा आला. तो तसाच डॉक्टरांकडे न्यायचा होता, पण मामीने दुकानातच फोडून फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली आणि मटकन सिमेंटच्या गोणीवर बसली.

"सगळंच काळं झालंय गो," ती रडायला लागली. "काय उरलंच नाय."

मी फिल्म ओढून घेतली. काळं, सगळं काळं. जिथे सुपारी होती तिथेही काळं. पांढरं कुठेच नव्हतं. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं, पण तोंडाने काही बोलायची हिंमत होईना. एकदा तोंड चालवून झालं होतं. मी दोघांना रिक्षात घातलं आणि डॉक्टरांकडे नेलं.

प्रभाकर डॉक्टरांनी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावल्या. मुंबईचा रिपोर्ट वाचला, पुन्हा फिल्मकडे पाहिलं. "गाठीनेही लोखंड खाल्लंय," ते म्हणाले. "म्हणजे ती यकृताचीच, साधी गाठ. कॅन्सर नाही. ऑपरेशन रद्द. सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून बघू."

मामी डॉक्टरांच्या पाया पडायला वाकली. मी रडत होते आणि हसतही होते. मामा मात्र खुर्चीत तसाच, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"गंजाला कोन घाबरतोय?" तो हळूच म्हणाला. "पंचवीस वर्सं माजं हात गंजातच हायेत. मला ते फोटूच बघायचं नवतं. पांढरं निघालं असतं तर?"

म्हणजे तीन आठवडे मी यकृताच्या पेशी समजावत होते आणि त्याला पेशींची शंकाच नव्हती. मी किती ओरडले होते त्याच्यावर! मला फार लाज वाटली.

मामीने पदराने डोळे पुसले. मामावर आवाज चढवताना मी तिला एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं.

"परत घाबरलात ना," ती म्हणाली, "तर मला सांगायचं. लोखंडाला मधे आनायचं नाय."

"बरं," मामा म्हणाला, आणि डॉक्टरांच्या देखत तिचा हात धरून रडला.